आवणीतला आरामाचा दिवस

जव्हारमधल्या माझ्या भाड्याच्या खोलीला बाहेरून लोखंडी जिना होता आणि त्या पावसाळ्यात तो जिना मी रोज सकाळी उलटा उतरायची. तोंड खोलीकडे, पाठ रस्त्याकडे, दोन्ही हात कठड्यावर. सरळ उतरायला जावं तर मांड्या अशा कळवळून उठायच्या की तोंडून आपोआप देवाचं नाव निघायचं. खाली किराणा दुकान होतं. तिथल्या शेठना मी फार देवभोळी मुलगी वाटत होते, आणि मीही त्यांचा गैरसमज दूर केला नाही.

मी तेव्हा वनरक्षकाच्या भरतीची तयारी करत होते. सकाळी पळायचं आणि नंतर दिवसभर बाजारातल्या कापडाच्या दुकानात साड्या उलगडून दाखवायच्या, परत घड्या घालायच्या. भरतीत मुलींना तीन किलोमीटर पळावं लागतं. आदल्या भरतीत माझी लेखी परीक्षा चांगली गेली होती, पण पळण्यात मागे पडले आणि थोडक्यासाठी राहिले. आता वय सरत आलं होतं. ही भरती हुकली तर पुढच्या वेळी मी वयात बसणार नव्हते. मग आयुष्यभर साड्यांच्या घड्या, नाहीतर भावाच्या मागोमाग वसईकडे एखाद्या कंपनीत. माझं सगळं त्या तीन किलोमीटरांवर येऊन अडलं होतं आणि ज्या पायांनी ते कापायचे, ते पाय मला जिनाही धड उतरू देत नव्हते.

त्यातून जो भेटेल तो म्हणायचा, “डोंगरातली पोर तू, तुला पळायला काय लागतं?” या वाक्याचा मला इतका राग यायचा की काय सांगू. डोंगरातली माणसं पळत नाहीत. ती चालतात. डोक्यावर हंडा, मोळी किंवा भाताचा भारा घेऊन चढ चढतात, आणि चढावर जो पळतो त्याला आमच्याकडे शहाणा म्हणत नाहीत. पळणं मला जव्हारमध्ये येऊन मोबाइलवरचे व्हिडिओ बघून शिकावं लागलं होतं. टाच कुठे टेकवायची, श्वास कधी घ्यायचा, हात कसे हलवायचे, सगळं. माझे पाय चालण्यात तरबेज होते आणि पळण्यात अगदी कच्चे. पण हे सांगितलं तर लोकांना वाटायचं मी नखरे करते.

माझ्याबरोबर पळायला एक मुलगी होती. जव्हारातच राहणाऱ्या एका गुरुजींची ती मुलगी. त्यांचीही मुळात शेतीच, पण वडील मास्तर झाले, काका कचेरीत लागले आणि जमीन दुसऱ्यांना कसायला दिली. ती बारीक, उंच आणि स्वभावाने गरीब. माझ्यासारखी फटकळ मुलगी तिने कशी काय सहन केली कोण जाणे. आम्ही गावाबाहेरच्या रस्त्याला पळायचो. पावसात धुकं एवढं की पुढे पळणारी ती मला दिसायची नाही, फक्त तिच्या बुटांची पचपच ऐकू यायची. त्या आवाजामागे मी पळायची.

सुरुवातीला मी तिच्या पुढे असायची. जून सरता सरता बरोबरीत आलो आणि जुलैत ती मला मागे टाकायला लागली. मी तिच्यापेक्षा दणकट. तिला हंडा उचलता येत नाही, मी दोन हंडे घेऊन दगडावरून उड्या मारत आलेली. आम्ही दोघी तेवढंच पळायचो, तेवढ्याच बैठका काढायचो, तोच व्यायाम करायचो. तरी तिचं दुखणं दोन दिवसांत ओसरायचं आणि माझं मुक्कामालाच आलेलं. पोटऱ्यांत गोळे यायचे. कंबर आंबून गेलेली. दुकानात वरच्या फळीवरची साडी काढायची तर खांद्यातून कळ जायची आणि गिऱ्हाइकाला वाटायचं, साडी दाखवायचा मला कंटाळा आलाय.

मी काही हातावर हात धरून बसले नव्हते. हळदीचं दूध झालं, बाम झाला, गरम पाण्यात मीठ टाकून पाय बुडवून झाले. घरून आणलेलं मोहाच्या बियांचं तेल चोळून झालं. त्या तेलाचा वास इतका उग्र की खोलीतल्या दुसऱ्या दोन मुली मला खिडकीजवळ झोपायला लावायच्या. आणि एवढं करून पाय हलके होत नाहीत म्हटल्यावर मी एकच उपाय ओळखत होते, तो म्हणजे आणखी पळायचं. अति तिथे माती हे शाळेत फळ्यावर कितीदा लिहिलं होतं. पण म्हणी दुसऱ्यांसाठी असतात.

एक मात्र मी अगदी नेमाने पाळत होते. व्हिडिओतला तो पिळदार दंडांचा माणूस हिंदीत बजावून सांगायचा, की आठवड्यातून एक दिवस पूर्ण आराम करा, त्या दिवशी शरीर स्वतःला दुरुस्त करतं. दुकानाला रविवारी सुट्टी असायची. त्यामुळे शनिवारी संध्याकाळी मी दाभोशाची जीप पकडायची, घरी पाड्यावर जायची आणि रविवारी अजिबात पळायची नाही. बूटसुद्धा जव्हारलाच ठेवून जायची. एवढी शिस्त पाळूनही पाय बरे का होत नाहीत, हे मला कळत नव्हतं आणि मी मनातल्या मनात त्या पिळदार माणसाला शिव्या घालत होते.

एका शनिवारी ही माझी पळण्यातली जोडीदारीण म्हणाली, मीपण येते तुझ्या घरी. तिला शेत बघायचं होतं, खेकड्यांचा रस्सा खायचा होता. मी खुशीत नेलं तिला. जीपमध्ये आम्ही दोघी मांडीला मांडी लावून दाटीवाटीने बसलो आणि उतरल्यावर चिखलातून पाड्यापर्यंत चालत गेलो. आईने तिला बघून लगेच चूल मोठी केली. आमच्या घरात पाहुणा आला की आधी चूल मोठी होते, बोलणं नंतर.

दुसऱ्या दिवशी आमच्या खाचरात आवणी होती. राबात वाढवलेली भाताची रोपं उपटून, त्यांच्या मुठी बांधून, चिखल केलेल्या खाचरात ओळीने लावायची, ही आवणी. हे काम एकट्या घराने होत नाही. म्हणून पाड्यावर दिवसाला दिवस असा रिवाज आहे. आज शेजारच्या घरातल्या बाया आमच्या खाचरात येतात, उद्या आमच्या घरातली तेवढीच माणसं त्यांच्या खाचरात जातात. त्याची फेड दुसऱ्या कशाने होत नाही, दिवसाची फेड दिवसानेच. माझी आई या बाबतीत फार कडक. कुणाचा दिवस अंगावर ठेवून ती कधी पुढच्या पावसाळ्यात गेली नाही.

आम्ही सगळ्या बाया रांगेत उभ्या राहिलो. अंगावर प्लास्टिकचा कागद, पदर खोचलेला, कंबरेत वाकलेल्या. रोपं लावत लावत मागे मागे सरकायचं असतं. जोडीदारीण हौसेने आमच्यात आली. पहिल्या बांधापर्यंत तिला मजा वाटली. दुसऱ्या बांधाला तिचं बोलणं थांबलं. बायांनी तिची थट्टा आरंभली, की गुरुजींच्या मुलीची ओळ जव्हारच्या रस्त्यासारखी नागमोडी चालली आहे. ती बिचारी हसली, पण वर उठून उभी राहिली ती दोन्ही हात कंबरेवर ठेवूनच. मी मात्र सराईतपणे लावत होते. दुपारी नागलीची भाकर आणि उडदाची आमटी खाऊन पुन्हा उतरलो. उजेड कमी होईतो वाकलेल्याच होतो. संध्याकाळी खेकड्यांचा रस्सा झाला, पण जोडीदारणीला तो खाता खाता डुलकी लागली.

सोमवारी सकाळची पहिली जीप पकडून आम्ही जव्हारला आलो. त्या दिवशी पाऊस फार होता म्हणून पळणं संध्याकाळवर ढकललं. दुकान सुटल्यावर मी आमच्या नेहमीच्या वळणावर जाऊन थांबले. ती आली नाही. मला राग आला. मग काळजी वाटली. मग मी तिच्या घरी गेले.

तिचं घर वरच्या मजल्यावर. मी खालून हाक मारली तेव्हा ती बाहेर आली आणि जिना उतरायला लागली. उलटी. तोंड घराकडे, पाठ माझ्याकडे, दोन्ही हात कठड्यावर. दोन पायऱ्या उतरून थांबली, तिथेच बसली आणि मला म्हणाली, आता तूच वर ये.

मला हसू आवरेना. वर जाऊन मी तिला हात धरून घरात नेलं आणि गादीवर आडवं केलं. तिची आई चहा घेऊन आली, तीही हसली. जोडीदारणीच्या कंबरेखाली गरम पाण्याची पिशवी होती. ती मात्र हसत नव्हती. ती माझ्याकडे टक लावून बघत होती, आणि मग तिने अगदी साध्या आवाजात विचारलं, “तू दर रविवारी हे करतेस?”

मी म्हटलं, आवणी असेपर्यंत दर रविवारी, त्याआधी राब भाजायला होता, नांगरणी होती, आणि यानंतर निंदणी असते.

“आणि सोमवारी पळतेस?”

मी म्हटलं, पळते की.

“मग तू आराम कधी करतेस?”

खरं तर माझं उत्तर तयार होतं. कालच तर आराम झाला, असं मी म्हणणार होते. पण समोर ती पडली होती. एका आरामाच्या दिवसाने तिची ती अवस्था केली होती.

तुम्हाला वाटेल, एवढं साधं कसं कळलं नाही. नाही कळलं खरं. त्या व्हिडिओतल्या माणसाने व्यायाम म्हणून जे जे सांगितलं होतं, त्यात आवणी नव्हती. वाकून रोपं लावणं, मुठींची पाटी डोक्यावर घेऊन बांधावरून चालणं, झऱ्यावरून पाणी आणणं, हे आमच्या घरात श्वास घेण्यासारखं होतं. ते कुणी मोजत नाही. शिवाय रविवारी मी घरी असायची. आईच्या हातचं जेवायची, आमच्या बोलीत बोलायची, दिवसभर हसायची. मन निवायचं, म्हणून अंगही निवलं असं मी धरून चालले. पाड्यावर हे कुणाला सांगितलं असतं तर त्यांनीही तेच म्हटलं असतं, की काल तर पोर घरीच होती.

आता प्रश्न असा होता, की पुढच्या रविवारचं काय. पुढच्या रविवारी शेजारणीच्या खाचरात आवणी होती. तिच्या घरून आमच्याकडे दोघी आल्या होत्या, म्हणजे आमच्याकडून दोघींनी जायचं होतं, आई आणि मी. मी पडून राहिले तर तो दिवस कोण भरणार? आठवडाभर मी हाच विचार करत साड्यांच्या घड्या घातल्या. एकदा वाटलं, मुकाट्याने जावं. आईचं वय काय, आपलं काय. एकदा वाटलं, त्या रविवारी जव्हारलाच राहावं आणि जीप मिळाली नाही म्हणून सांगावं. पण आईशी खोटं बोलले की माझे कान लाल होतात, आणि ते तिला लांबूनही ओळखू येतात.

शनिवारी घरी गेले. आई चुलीपुढे भाकरी थापत होती. मी तिच्या शेजारी बसून सगळं सांगितलं. म्हणजे कसंबसं सांगितलं. पायांचं दुखणं, गुरुजींच्या मुलीचं विचारणं, व्हिडिओतला माणूस. बोलताना मला स्वतःचीच लाज वाटत होती. जी बाई जन्मात दिवसा आडवी झाली नाही, तिला मी सांगत होते की मला रविवारी झोपायचं आहे. पूर्वी एकदा मी तिला विचारलं होतं, आये, तुझे पाय नाही का दुखत? ती म्हणाली होती, नाय. तिचं ते नाय मी खरं मानलं होतं. मला वाटायचं, आईचं अंग वेगळंच घडवलंय.

आईने भाकर तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं, उलटली, निखाऱ्यावर फुगवली. मला वाटलं आता बोलणी बसणार. ती भाकर माझ्या ताटात ठेवून म्हणाली, “मंग पडून राहा. तुझा दिस मी भरीन.”

एवढंच. का, कशाला, एका माणसाने दोन दिवस कसे भरायचे, काही नाही. तिने हिशेब आधीच केला होता. रविवारी ती स्वतःच्या वाट्याला जाणार, सोमवारी शेजारणीच्या उरलेल्या खाचरात माझ्या वाट्याला. आमचं वरचं खाचर तोवर थांबणार, आणि मग ते ती आणि बाबा दोघंच लावणार. मी नको नको म्हणायला लागले, तर बाबा ओटीवरून म्हणाले, नको तर पळू नको. मग मी भाकर मोडायला घेतली.

दुसऱ्या दिवशी सगळे शेतावर गेले आणि मी घरात घोंगडी पसरून आडवी झाले. दिवसाढवळ्या, आवणीच्या दिवसांत, धडधाकट पोर. आमच्या पाड्यावर दिवसा एक तर आजारी माणूस झोपतं, नाहीतर पाहुणा. दार उघडंच होतं. बाहेरून जाणारं प्रत्येक माणूस आत डोकावून जात होतं. एकीने ताप आहे का बघायला कपाळाला हात लावला. एकीने भगताला बोलवायला सांगितलं, कारण तिच्या मते मला कुणाची तरी नजर लागली होती. एक म्हातारी बराच वेळ उंबऱ्यात उभी राहून म्हणाली, लग्नाचं बघा आता. मी डोळे मिटून पडले होते. माझ्यासारख्या फटकळ मुलीला एवढा वेळ गप्प पडून राहणं पळण्यापेक्षा जड गेलं.

आणि पडल्या पडल्या एक गंमत झाली. दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढलं. इतके दिवस जे अंगात दबून बसलं होतं, ते सगळं वर आलं. पोटऱ्या, मांड्या, कंबर, खांदे, तळव्यांच्या कडा, जिथे दुखतंय हे मला माहीतही नव्हतं तिथेसुद्धा ठणकायला लागलं. चालत असते तर कळलंच नसतं. मला रडू आलं. मग रडता रडता झोप लागली आणि ती इतकी गाढ लागली, की छपरावरचा पाऊसही ऐकू आला नाही.

दुपारी जाग आली ती दाराबाहेरच्या बोलण्याने. आई मुठी बांधायला दोरी घ्यायला घरी आली होती आणि शेजारची म्हातारी तिला अडवून विचारत होती, “पोरीला काय झाला?”

आई म्हणाली, “पाय दुखतात तिचे.”

“पाय तं सगळ्यांचेच दुखतात.”

मी घोंगडीखाली जीव मुठीत धरून पडले होते. आई म्हणाली, “हिला पळायचा हाय.” आणि दोरी घेऊन पुन्हा पावसात गेली.

मी तेव्हा म्हातारीवर चिडले होते. आता वाटतं, ती खरं तेच बोलली. सगळ्यांचेच पाय दुखत होते. त्यांतल्या एकीचे बरे होऊ द्यायचे ठरवलं होतं, आणि ते बाकीच्यांच्या पायांवर उभं होतं. नंतर आवणी आणि निंदणी संपेपर्यंत प्रत्येक रविवारी मी पडून राहिले आणि आई माझे दिवस भरत गेली. पाड्यावरच्या बायांनाही हळूहळू सवय झाली. शेवटी शेवटी तर त्याच माझ्या दारावरून जाणाऱ्या पोरांना दटावायच्या, की आवाज करू नका, ती झोपलीय, तिला पळायचंय.

पाय आले ताळ्यावर. एकदम नाही. दुखणं हत्तीच्या पावलांनी येतं आणि मुंगीच्या पावलांनी जातं. पण भाताला लोंबी धरायच्या सुमारास एका सकाळी मी जिना सरळ उतरले आणि खाली येईपर्यंत ते माझ्या लक्षातही आलं नाही. दुकानदार शेठच म्हणाले, आज देवाचं नाव नाही? त्या दिवशी रस्त्यावर जोडीदारणीच्या बुटांचा आवाज बऱ्याच दिवसांनी माझ्या शेजारून येत होता. ती माझ्याकडे बघून हसली. तिच्या त्या एका प्रश्नाचे उपकार मी विसरणार नाही.

भरती थंडीत झाली. पळण्याचं मी फार काही सांगू शकत नाही, कारण मला ते फारसं आठवत नाही. पांढऱ्या चुन्याच्या रेषा आठवतात, पुढच्या मुलीची लाल रिबीन आठवते. शेवटच्या फेरीत मांड्या पेटल्या तेव्हा मी मनाशी एकच म्हणत होते, हा आईचा दिवस आहे, हा आईचा दिवस आहे. जोडीदारीण माझ्या थोडी पुढे पोहोचली. तिने मागे वळून मला हात दिला आणि आम्ही दोघी तिथेच मातीत बसलो. दोघींचीही निवड झाली.

आता मी सूर्यमाळच्या जंगलात वनरक्षक आहे. गस्तीला रोज भरपूर चालावं लागतं, उन्हाळ्यात वणवा लागला की हिरव्या फांद्या घेऊन धावावं लागतं आणि त्याच दिवसांत प्यायचं पाणीही लांबून आणावं लागतं. अंग आंबतं. पण आता मला आराम म्हणजे काय ते कळतं. दमलेल्या दिवशी मी दार उघडं टाकून दिवसाढवळ्या आडवी होते. इथल्या बायाही सुरुवातीला विचारायच्या, काय झाला म्हणून.

एक गोष्ट मात्र मनात सलत होती. दिवसाची फेड दिवसाने, आणि माझ्या अंगावर तर एका अख्ख्या पावसाळ्याचे रविवार होते. आईला पहिल्या पगारात लुगडं घेतलं, घरावर पत्रे घातले. तिने सगळं घेतलं, पण ती फेड नव्हे हे तिलाही ठाऊक होतं आणि मलाही. मग मागच्या जुलैत मी रजा टाकली आणि आवणीला घरी गेले. आईला म्हटलं, उद्यापासून तुझे दिवस मी भरणार, तू पडून राहायचं. ती हसली. वेड लागलंय का, म्हणाली. मी पहिल्यांदाच तिच्यावर तिच्याच आवाजात ओरडले आणि तीच घोंगडी पसरून दिली.

दिवसभर मी रांगेत वाकून रोपं लावली. सवय मोडली होती, बायांनी माझी यथेच्छ थट्टा केली. माझा डोळा मात्र सारखा घराच्या वाटेकडे होता, की आता आई येईल आणि रांगेत उभी राहील. ती आली नाही.

संध्याकाळी मी कंबर धरत घरी पोहोचले. आई घोंगडीवर उठून बसली होती, पाय लांब करून, भिंतीला टेकून. केस विस्कटलेले, गालावर घोंगडीचे वळ. झोपली होती तर. शेजारी चुलीवर कोमट केलेल्या मोहाच्या तेलाची वाटी होती, माझ्या पायांसाठी काढून ठेवलेली. मी तिच्याजवळ बसले आणि विचारलं, आये, बरं वाटलं का गं?

तिने आपल्या पावलांवरून हात फिरवला. मग मला सांगण्यापेक्षा स्वतःलाच सांगितल्यासारखं म्हणाली, “पडले तवा कळला, बाय. माझा कुठं कुठं दुखतं.”

मी ती वाटी माझ्याकडे ओढली आणि तिला म्हटलं, पाय इकडे कर.